कॅनडातल्या छोट्या गावात फार्मासिस्ट म्हणून जाताय? फर्स्ट नेशन्सच्या मधुमेही रुग्णांना औषध देण्याआधी एवढं शिकून घ्या

पीईबीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या फार्मसी परीक्षा मंडळाच्या, परीक्षा सुटल्या, प्रांताचा परवाना हातात आला की पहिली नोकरी टोरांटोत मिळेलच असं नाही. आपल्याकडून आलेले कितीतरी फार्मासिस्ट सुरुवातीला सस्कॅचवान, मॅनिटोबा किंवा उत्तर ओंटारिओतल्या लहान गावांत जातात. तिथे काउंटरवर क्री, डेने, सोटो, डकोटा अशा फर्स्ट नेशन्स, म्हणजे कॅनडाच्या मूलनिवासी, समाजांची माणसं रोज येतात आणि त्यांतल्या अनेकांच्या हातात मधुमेहाची चिठ्ठी असते. हा लेख त्या नव्या फार्मासिस्टसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः सस्कॅचवानची घेतली आहेत. दुसऱ्या प्रांतात नियम थोडे बदलतील, पण माणसांशी वागण्याची रीत बदलणार नाही.

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी सांस्कृतिक सुरक्षिततेची कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती परिचारिकांच्या शिक्षणात आणली. त्यांचं म्हणणं असं की सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं. आपण कितीही गोड बोललो आणि समोरचा माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही, तर आपलं काम फसलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कसोटीवर घासून बघा.

पहिली पायरी: रुजू होण्याआधी इतिहास वाचा

हे टाळू नका. मधुमेहाची कारणं शिकताना आपण जनुकं, वजन आणि व्यायाम एवढ्यावर थांबतो. या समाजांच्या बाबतीत तेवढ्याने काहीच उलगडत नाही.

मैदानी प्रदेशातल्या लोकांचं सगळं अन्न बायसनवर उभं होतं. १८८० च्या आसपास तिथले बायसनचे कळप जवळजवळ संपले. उपासमार सुरू झाली आणि सरकारने रेशन हातात ठेवून लोकांना रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, जायला भाग पाडलं. शिकार करणाऱ्या माणसांच्या ताटात मैदा, साखर आणि चरबी आली ती अशी. पुढे मूलनिवासी मुलांसाठी सरकार आणि चर्चच्या निवासी शाळा आल्या. दीड लाखाहून अधिक मुलं घरापासून तोडून तिथे ठेवली गेली. भाषा बोलली म्हणून मार आणि पोटाला अपुरं अन्न, अशी अनेकांची आठवण आहे. १९४८ ते १९५२ या काळात अशा सहा शाळांमधल्या सुमारे १००० मुलांवर सरकारी तज्ज्ञांनी पोषणाचे प्रयोग केले. मुलं अर्धपोटी आहेत हे माहीत असूनही काहींना मुद्दाम तसंच ठेवलं गेलं. पालकांना कुणी विचारलं नव्हतं. यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे काउंटरवरच्या पन्नाशीतल्या बाईंनी ती शाळा स्वतः भोगलेली असू शकते.

आता एक आकडा बघा. कॅनडाच्या मधुमेह मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिल्याप्रमाणे, वयाचा फरक जुळवून घेतल्यावर रिझर्व्हवर राहणाऱ्या फर्स्ट नेशन्स लोकांत मधुमेहाचं प्रमाण १७.२ टक्के भरतं. मूलनिवासी नसलेल्यांत ते ५ टक्के आहे. वरचा इतिहास वाचून हा आकडा पाहिला की ‘यांना खाण्यावर ताबा ठेवता येत नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. सहकाऱ्यांकडून ते ऐकू येईल. तुम्ही म्हणू नका.

रुग्णालयांबद्दलचा अविश्वासही जुना आणि सकारण आहे. २००८ मध्ये विनिपेगच्या मोठ्या रुग्णालयात ब्रायन सिंक्लेअर हे गृहस्थ व्हीलचेअरवर ३४ तास ताटकळले आणि तिथेच गेले. त्यांना उपचाराने बरा होणारा मूत्राशयाचा संसर्ग होता. २०२० मध्ये क्वेबेकमधल्या जोलिएतच्या रुग्णालयात जॉइस एशाक्वान मरणाच्या दारात असताना कर्मचारी त्यांना हिणवत होते, आणि ते त्यांच्याच फोनवरून लोकांनी पाहिलं. ही नावं तुमच्या रुग्णांना ठाऊक असतात. तुमच्या पांढऱ्या कोटाकडे ते या आठवणींसकट बघतात.

अल्बर्टा विद्यापीठाचा ‘इंडिजिनस कॅनडा’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट शिकता येतो. परवान्याची कागदपत्रं येण्याची वाट बघत घरी बसला असाल तेव्हाच तो पूर्ण करा.

दुसरी पायरी: कोण कुणाला काय म्हणतं

फर्स्ट नेशन्स, मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वारशाचे लोक) आणि इन्युइट (अतिउत्तरेकडचे लोक) हे मूलनिवासींचे तीन वेगळे गट आहेत. ‘इंडियन’ हा शब्द कायद्याच्या कागदांत अजून आहे, पण तुम्ही तो लोकांसाठी वापरू नका. माणूस स्वतःला क्री म्हणवत असेल तर क्रीच म्हणा. गावाजवळच्या रिझर्व्हचं आणि बँडचं, म्हणजे तिथला कारभार पाहणाऱ्या फर्स्ट नेशन्स गटाचं, नाव पहिल्या आठवड्यात नीट उच्चारायला शिका, तिथल्याच कुणाकडून. आपल्या आडनावाचा इकडे कसा चुराडा होतो ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा ही मेहनत का करायची हे वेगळं सांगायला नको.

तिसरी पायरी: एनआयएचबी समजून घ्या, आणि ते भीक नाही हेही

नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स आणि मान्यताप्राप्त इन्युइट लोकांना नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स, म्हणजे एनआयएचबी, या केंद्रीय योजनेतून औषधं मिळतात. यादीतल्या औषधासाठी काउंटरवर त्यांना काही भरावं लागत नाही. दावा एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स कॅनडामार्फत जातो आणि त्यासाठी नोंदणी क्रमांक लागतो. फर्स्ट नेशन्ससाठी तो दहा आकडी असतो. मेटी लोक या योजनेत नाहीत, त्यामुळे चेहऱ्यावरून अंदाज बांधलात तर दोन्हीकडून फसाल. ब्रिटिश कोलंबियात २०१७ पासून फर्स्ट नेशन्सच्या औषधांची व्यवस्था वेगळी आहे, तिथे प्रांताच्या फार्माकेअरचा प्लॅन डब्ल्यू चालतो.

‘यांना सगळं फुकट मिळतं’ हे वाक्य नव्याने आलेल्यांमध्ये फार लवकर पसरतं, आपल्या मंडळांच्या गप्पांतसुद्धा. १८७६ मध्ये क्री आणि इतर समाजांशी झालेल्या सहाव्या तहात लिहिलेलं आहे की प्रत्येक सरकारी एजंटच्या घरी लोकांसाठी औषधांची पेटी ठेवली जाईल. सस्कॅचवानचा मधला भाग याच तहाच्या भूमीवर आहे. सरकार एनआयएचबीला धोरण म्हणतं, फर्स्ट नेशन्स त्याला तहातलं वचन मानतात. जमिनीच्या बदल्यात दिलेलं ते वचन आहे आणि त्या जमिनीवर आज आपलं दुकान उभं आहे.

आता काउंटरवरची गोष्ट. रांगेत चार माणसं असताना ‘स्टेटस कार्ड (फर्स्ट नेशन्स नोंदणीचं ओळखपत्र) आहे का?’ असं मोठ्याने विचारू नका. येणाऱ्या प्रत्येकाला, गोऱ्या शेतकऱ्यालाही, एकच प्रश्न त्याच आवाजात विचारा: ‘तुमचं औषधांचं कव्हरेज कोणतं आहे?’ कार्ड पुढे आलं की शांतपणे क्रमांक घाला आणि कार्ड हातात परत द्या. काउंटरवर सरकवू नका. ही बारीक गोष्ट वाटते, पण लोक तीच लक्षात ठेवतात.

काही औषधांना आधी मंजुरी लागते. त्यासाठी एनआयएचबीच्या ड्रग एक्सेप्शन सेंटरला फोन करावा लागतो आणि ते डॉक्टरांकडे फॉर्म पाठवतात. यात वेळ जातो. दीडशे किलोमीटर गाडी हाकत आलेल्या माणसाला ‘मंजुरी नाही, उद्या या’ सांगून परत पाठवू नका. माणूस समोर असतानाच फोन लावा. केंद्र बंद असेल तर काही दिवसांचा तातडीचा पुरवठा देण्याची सोय नियमांतच आहे, ती वापरा. मंजुरी संपण्याची तारीख तुमच्या संगणकात आठवण म्हणून टाका, म्हणजे पुढच्या वेळी काम आधीच झालेलं असेल. स्ट्रिप्स आणि ग्लुकोज सेन्सर यांचे नियम औषधोपचारानुसार ठरतात आणि बदलत राहतात, म्हणून दर काही महिन्यांनी ताजी यादी उघडून बघा.

चौथी पायरी: ‘ऐकत नाही’ लिहिण्याआधी अडचण शोधा

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. रिफिल तीन आठवडे उशिरा आलं की फाइलवर ‘नॉन-कम्प्लायंट’ असा शेरा पडतो. तो शेरा पुढच्या डॉक्टरकडे जातो, तिथून रुग्णालयात जातो आणि माणूस तिथे पोचण्याआधीच वाईट ठरतो. असा शेरा तुम्ही लिहू नका. त्याऐवजी विचारा: ‘गेला महिना कसा गेला? औषध घ्यायला काही अडचण आली का?’ मग गप्प बसा. इथे अनेक माणसं उत्तर देण्याआधी वेळ घेतात. आपल्याला ती शांतता भरून काढायची फार घाई असते. थांबा.

उत्तरं काय येतात? गाडी बंद होती. घरात कुणीतरी वारलं आणि अंत्यविधीला दुसऱ्या रिझर्व्हवर जावं लागलं. नातवंडं अंगावर आहेत. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं आणि रोज बसने शाळेत कामाला जायचं असतं. या प्रत्येकावर औषधवाल्याकडे इलाज आहे. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमपासून जेवणासोबत सुरू करून हळूहळू वाढवता येतं, किंवा लांब परिणामाची गोळी देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. लांब राहणाऱ्याला नियमात बसेल तेवढा मोठा साठा एकदम द्या. गोळ्या ब्लिस्टर पॅकमध्ये हव्यात का ते विचारा, लादू नका. हेल्थ सेंटरची गाडी शहरात कधी येते ते माहीत करून घ्या आणि त्या दिवशी पाकिटं तयार ठेवा.

पाण्याचाही विचार करा. कितीतरी रिझर्व्हवर पाणी उकळून पिण्याच्या सूचना वर्षानुवर्षं लागू राहिल्या. ओंटारिओतल्या नेस्कांटागा इथली सूचना १९९५ पासूनची आहे. नळाचं पाणी भरवशाचं नसेल आणि दुकानात कोला बाटलीबंद पाण्याच्या भावात मिळत असेल, तर ‘गोड पेयं बंद करा’ हा सल्ला अर्धवट ठरतो. आधी विचारा: ‘घरी प्यायचं पाणी कसं आहे?’

पाचवी पायरी: खाण्याबद्दल बोलताना

आहाराचा छापील तक्ता हातात देऊ नका. कोकणातल्या आजीला कुणी शहरी डॉक्टरने ‘भात सोडा, किन्वा खा’ म्हटलं तर ती मान डोलावेल आणि घरी जाऊन भातच लावेल. बॅनॉकबद्दल, म्हणजे मैद्याच्या त्या घरगुती पावाबद्दल, तसंच होतं. तो पाहुण्याला दिला जातो, अंत्यविधीला असतो, आजीच्या हातचा असतो. ‘किती आणि कशासोबत’ एवढंच बोला.

त्यांच्या स्वतःच्या अन्नाची बाजू घ्या. मूस, हरीण, व्हाइटफिश, सस्कॅटून बेरी, ब्लूबेरी हे मधुमेहाला चांगलं चालणारं अन्न आहे आणि ते मिळवायला चालावंही लागतं. मूसच्या मांसाची गोष्ट निघाली की अनेकांचे चेहरे खुलतात. तिथे सल्ला देण्याआधी ऐकून घ्या. उत्तरेकडे ताज्या भाज्यांचे भाव बघितलेत तर ‘रोज सॅलड खा’ म्हणायला तुमचीच जीभ रेटणार नाही.

सहावी पायरी: इन्सुलिन, थंडी आणि भीती

‘इन्सुलिन सुरू झालं की पाय कापतात’ ही भीती तुम्हाला ऐकू येईल. आपल्याकडेही ‘इन्सुलिन म्हणजे शेवट’ म्हणणारे काका-मामा असतातच. इथे त्या भीतीमागे पाहिलेली उदाहरणं असतात: आजोबांना इन्सुलिन फार उशिरा मिळालं, मग पाय गेला, मग डायलिसिससाठी गाव सोडावं लागलं. त्यामुळे ‘असं काही नसतं’ म्हणून झटकू नका. ‘तुमच्या घरात कुणाचं असं झालं का?’ हे विचारा, आणि इन्सुलिन लवकर मिळालं असतं तर काय टळू शकलं असतं ते समजावून सांगा.

साठवणुकीत आपण भारतात उन्हाची काळजी करतो, इथे गोठण्याची करायची. उणे ३० मध्ये गाडीच्या मागच्या सीटवर पिशवी तासभर राहिली तर इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन विरघळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. हिवाळ्यात पिशवी देताना सांगा: ‘कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, डिकीत नको.’ उघडलेलं पेन किती दिवस चालतं ते इन्सुलिननुसार बदलतं. बऱ्याच इन्सुलिनला २८ दिवस, डेग्लुडेकला ५६. पेनावर तारीख लिहून द्या.

एककांची सवय बदला. इथे साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. आपल्या मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागायचं. ४ च्या खाली, म्हणजे आपल्या ७२ च्या खाली, गेली की हायपो (साखर फार उतरणं). तेव्हा १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबणं आणि पुन्हा तपासणं. सांगताना घरात असेल ती वस्तू सांगा: पाण्यात तीन चहाचे चमचे साखर किंवा दीडशे मिलिलिटर फळांचा रस. ग्लुकोजच्या गोळ्या प्रत्येक घरात नसतात.

बोटातून रक्त घेताना हात ओढून घेऊ नका. आधी काय करणार ते सांगा, विचारा, होकार आल्यावरच स्पर्श करा. निवासी शाळेतून गेलेल्या माणसाला न विचारता लावलेला हात कुठे घेऊन जाईल, हे आपल्याला कळणार नाही.

गर्भवती स्त्री मधुमेहाबद्दल बोलायला बिचकत असेल तर तेही समजून घ्या. प्रसूतीआधीच रुग्णालयाला इशारा देऊन नवजात बाळ काढून घेण्याची पद्धत सस्कॅचवानमध्ये २०२१ पर्यंत चालू होती. ‘साखर सांभाळली नाहीत तर बाळाला धोका’ हे वाक्य तिच्या कानाला वेगळंच ऐकू जाऊ शकतं. तिच्या बाजूने आहोत हे आधी कळू द्या, मग साखरेचे आकडे.

सातवी पायरी: विधी आणि त्यांची औषधं

उन्हाळ्यात सन डान्ससारखे विधी असतात. भाग घेणारे काही जण कित्येक दिवस अन्न-पाणी दोन्ही घेत नाहीत. स्वेट लॉजमध्ये, म्हणजे घाम काढण्याच्या विधीच्या बंद झोपडीत, कडक उष्णता असते. ‘मधुमेह आहे, करू नका’ म्हणालात तर ते करतील आणि तुम्हाला सांगणार नाहीत. वसंत ऋतूतच सगळ्यांना विचारायची सवय ठेवा: ‘या उन्हाळ्यात उपवास किंवा विधी आहे का? औषधं त्याप्रमाणे बसवून देऊ.’ रमजानच्या रोज्यांसाठी किंवा एकादशीसाठी जसं नियोजन करता, तसंच.

नियोजनात काय बघायचं? ग्लिक्लाझाइड, ग्लायब्युराइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी साखर पाडतात. ‘फ्लोझिन’ गटातल्या गोळ्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किटोअॅसिडोसिसकडे (रक्तात धोकादायक आम्ल साठण्याकडे) नेऊ शकतात, त्या आधीच थांबवाव्या लागतात. मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही निर्जलीकरणात विचार करायचा. टाइप १ असेल तर लांब परिणामाचं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. हे बदल डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरशी बोलून कागदावर लिहून द्या. पेन आणि मीटर लॉजच्या बाहेर थंड जागी राहू दे, विधीत मदत करणाऱ्या एका माणसाला हायपोची लक्षणं माहीत असू दे, आणि कधी थांबायचं ते आधी ठरू दे. विधीत नेमकं काय होतं हे खोदून विचारू नका. ते तुमच्या कामाचं नाही.

वनस्पतींबद्दल विचारताना सूर महत्त्वाचा. ‘तुम्ही पारंपरिक औषधं घेता का? सांगितलंत तर दोन्ही एकत्र नीट चालतील याची काळजी घेता येईल’ असं म्हणा. क्री लोक वापरतात ते रॅट रूट आपल्या वेखंडाचं सख्खं भावंड आहे. बाळगुटीत वेखंड उगाळलेल्या घरातून आलेल्या माणसाने त्याकडे नाक मुरडण्याचं कारण नाही. रुग्णाने मागितलं तर पारंपरिक उपचारांना मान देऊन वैदू आणि ज्येष्ठांसोबत काम करावं, असं निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ च्या ९४ शिफारशींतल्या २२ व्या कलमात सांगितलं आहे. जे ऐकाल ते दुसरीकडे सांगू नका आणि त्यावर व्हिडिओ करू नका.

तंबाखूचंही दोन भागांत बघा. विधीत आणि ज्येष्ठांना मान देताना वापरला जाणारा तंबाखू वेगळा, दिवसाला पाकीटभर सिगारेट वेगळी. धूम्रपान सोडण्याबद्दल बोलताना हा फरक तुम्ही स्वतःहून मांडलात तर समोरचा माणूस पुढचं ऐकतो.

आठवी पायरी: दुकानाबाहेर

रिझर्व्हवरच्या हेल्थ सेंटरमधली नर्स आणि मधुमेह कार्यकर्ती यांची ओळख करून घ्या. बोलावल्याशिवाय शिबिर लावू नका. बोलावलं तर तारीख त्यांची, जागा त्यांची, विषय त्यांचा. लोकांचे साखरेचे आकडे गोळा करायचे असतील तर बँड कौन्सिलची परवानगी लागते आणि माहिती त्यांच्या मालकीची राहते. १९९८ पासून फर्स्ट नेशन्स याला ओकॅप तत्त्वं म्हणतात: माहितीची मालकी, नियंत्रण, ती बघण्याचा हक्क आणि ताबा त्यांच्याकडे. छोट्या गावात सगळे सगळ्यांचे नातेवाईक असतात, म्हणून समुपदेशन बंद खोलीत करा आणि फोनवर निरोप ठेवताना औषधाचं नाव घेऊ नका. ज्येष्ठ माणूस क्रीमध्येच मोकळं बोलत असेल तर हेल्थ सेंटरमधून दुभाषा मागवा, बारा वर्षांच्या नातवाला मध्ये घालू नका.

मेळघाटात किंवा नंदुरबारला काम केलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. त्यांनी तरी ‘आमच्याकडच्या आदिवासींसारखेच’ ही तुलना रुग्णासमोर करू नये. इथल्या माणसाला आपली गोष्ट सांगायची असते, आपल्याकडची ऐकायची नसते.

आणि गाव सोडताना

बहुतेक नवे फार्मासिस्ट दोन-तीन वर्षांत कॅलगरी किंवा व्हँकुव्हरकडे जातात. त्यात गैर काही नाही. पण तिथल्या रुग्णांनी असे कित्येक चेहरे येताना आणि जाताना पाहिलेले असतात. जाणार असाल तर महिनाभर आधी त्यांना स्वतः सांगा. पुढच्या फार्मासिस्टला उपयोगी पडेल अशी नोंद प्रत्येक फाइलमध्ये ठेवा: शुक्रवारी हेल्थ सेंटरच्या गाडीने येतात, पाकिटं गुरुवारीच तयार हवीत. एनआयएचबी मंजुरी मार्चमध्ये संपते, फेब्रुवारीत फोन करा. जुलैत उपवास असतो, मे महिन्यात औषधांबद्दल बोला. बोलताना घाई करू नका, उत्तर यायला वेळ लागतो.